दारावरची तिरकी अक्षरं

बायको वारल्यानंतर दारावरची पाटी काढून मी डोंबिवलीहून ठाण्याला नौपाड्यातल्या दुकानात नेली. नवी करायची होती. जुनीवर आमची दोन्ही नावं होती, तिनं निवडलेल्या तिरक्या अक्षरात. जाड रेघा ठसठशीत, बारीक रेघा केसाएवढ्या. दुकानदाराने त्याच अक्षरात माझं एकट्याचं नाव पडद्यावर मांडलं आणि वाढवत नेलं.

"हे अक्षर मोठंच शोभतं, काका. लहान ठेवलं तर बारीक रेघा हरवतात."

पाटीभर एकटा मीच. ते बघवेना.

"राहू दे. जुनीच लावतो."

"मग ठाण्यापर्यंत आलात कशाला?" तो हसला.

घरी येऊन पाटी पुन्हा बसवली. अक्षरंच तिरकी, त्यामुळे ती सरळ बसली का, हे मागे उभं राहून कुणीतरी सांगावं लागतं. मी स्टुलावरून उतरून बघत होतो आणि पुन्हा चढत होतो.