बॅटरीवाल्या बाई

बाई भर दुपारी बारा वाजता टॉर्च लावायच्या. घाटकोपरच्या डोंगरावरच्या ज्या वस्तीत आमची संस्था काम करते, तिथे याचं कुणाला नवल वाटत नसे. गल्ली एका माणसाच्या रुंदीची, दोन्ही बाजूंना माळे चढवलेले, वर ताडपत्री. ऊन खाली पोचतच नाही. वळणावर आधी बाईंच्या किल्ल्यांचा आवाज यायचा, मग जमिनीवर उजेडाचा एक ठिपका, आणि त्याच्यामागून बाई. आमच्या नोंदवहीत त्या गायकवाड सिस्टर होत्या. पण वस्तीतली जुनी माणसं टॉर्चला बॅटरीच म्हणतात, म्हणून सगळ्यांच्या त्या बॅटरीवाल्या बाई.

त्यांना जाऊन दीड वर्ष झालं. मी त्यांच्याबरोबर सहा वर्षं काम केलं. वस्तीतल्याच अकरा बायका आमच्या आरोग्यसेविका आहेत. घरोघरी जाऊन गरोदर बायका, बाळंतिणी आणि लहान मुलं यांची खबर ठेवणं हे त्यांचं काम. बाई त्यांच्या प्रमुख. मी मुलुंडहून येते आणि साठा, हजेरी, नोंदी सांभाळते. यादी केल्याशिवाय मी घरची भाजीसुद्धा आणत नाही. बाई कधी यादी करायच्या नाहीत आणि काही विसरायच्याही नाहीत, याचा मला सुरुवातीला फार राग यायचा.

टॉर्च मारण्याची त्यांची एक रीत होती. कुणाच्या दाराशी उभ्या राहिल्या की उजेड आधी स्वतःच्या पायांवर, मग उंबऱ्यावर. आत बसलेल्याच्या तोंडावर कधीच नाही. नवी सेविका आली की पहिल्या दिवशी हेच शिकवायच्या. "तू कुठे उभी आहेस ते आधी त्यांना दिसू दे. पोलीस नाहीस तू." मग घरात बोलावलं तरी खाटेवर बसायच्या नाहीत. चहा उभ्यानेच, आणि अर्धाच. पूर्ण कप घेतला तर दहाव्या घरापर्यंत माझं काय होईल, असं विचारायच्या. डोंगरावर बायकांसाठी संडास कुठे आणि किती, हे माहीत असलेल्यांना तो हिशोब लगेच कळायचा.

त्यांच्या किल्ल्यांच्या कडीत चार वस्तू असत. औषधांच्या कपाटाची किल्ली, केंद्राच्या शटरची, घराची, आणि करंगळीएवढा टॉर्च. एकदा सहलीहून परत येताना मी सगळ्यांसाठी लाकडी हत्तीचे किचेन आणले होते. बाईंनी हत्ती नीट निरखून पाहिला, छान आहे म्हणाल्या आणि टेबलाच्या खणात ठेवून दिला. "किल्लीला लटकतं ते कामाला आलं पाहिजे, अगं. याला पोसू कशाला?"

त्या निवृत्त व्हायच्या वर्षी रेश्मा शिडीवरून पडली. रेश्मा आमची सगळ्यात चटपटीत सेविका. माळ्यावर जायच्या लोखंडी शिड्या जवळजवळ उभ्याच असतात. तिच्या एका हातात मोबाईलचा टॉर्च होता, दुसऱ्या हातात वही. शिडी धरायला हात उरला नाही. मनगट मोडलं आणि मोबाईल गटारात गेला. दुसऱ्या गोष्टीचं तिला जास्त वाईट वाटलं. बाई तिला बघून आल्या त्या सरळ माझ्या टेबलाशी. त्यांच्या नोकरीचे चार महिने उरले होते. तेवढ्यात अकराही जणींच्या किल्लीला टॉर्च लागला पाहिजे, असं त्यांनी सांगितलं. बोटात अडकवता येईल असा, म्हणजे हात मोकळा राहील. त्यांचा स्वतःचा टॉर्च ज्या दुकानातून घेतला होता, तिथे आता तसला मिळत नव्हता. नवा शोधणं माझ्याकडे आलं. जाता जाता म्हणाल्या, "मी गेल्यावर यांच्या मागे शिडीखाली कोण उभं राहणार आहे? वस्तू तरी धड दे त्यांना."

मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. सतरा टॉर्चची यादी केली. वजन, उजेड किती, किती तास चालतो, पाणी लागलं तर काय, बदलून मिळतो का, असे रकाने पाडले. त्यातून पाच निवडले आणि प्रत्येकी एक नमुना मागवला. माझ्या यादीत पहिला नंबर होता तो चार्जिंगवाल्या टॉर्चचा. आकाराने सगळ्यात लहान, उजेडाला सगळ्यात प्रखर, पांढराशुभ्र. मला तर तिथेच काम संपल्यासारखं वाटलं.

बाईंनी पाचही टॉर्च आठवडाभर पर्समध्ये टाकून ठेवले. मी विचारलं, यात काय तपासता? शनिवारी उघडून दाखवलं. दोन टॉर्चचं बटण पर्समध्ये आपोआप दाबलं जाऊन ते संपले होते. ते बाद. मग प्रत्येकीला साबणाच्या हाताने लावायला सांगितलं, कारण बाळंतिणीच्या घरातून हात धुऊन निघताना हात ओलाच असतो. एक टॉर्च तीनदा दाबला की उघडझाप करायचा. ते पाहून रेश्माने प्लास्टरमधला हात हलवून नाचून दाखवलं. बाईंनी तो टॉर्च बाजूला ठेवला. ही काय वरात आहे का, एवढंच म्हणाल्या. उरले दोन. माझा चार्जिंगवाला, आणि एक साधा, एका सेलवर चालणारा, जरा जाडसर. त्याचा उजेड मंद, पिवळसर, आणि माझ्या यादीत तो पाचवा होता.

मी चार्जिंगवाल्याची बाजू घेतली. सेल विकत आणायला नको, कटकट नाही. यावर बाई काही बोलायच्या आत रेश्माच म्हणाली, "ताई, आमच्या घरात पॉइंट एक. त्यावर नवऱ्याचा मोबाईल, मग पोराचा, मग माझा. त्यात ह्याचा नंबर कधी लागणार?" साध्या टॉर्चला टीव्हीच्या रिमोटमधला बारीक सेल लागत होता. तो कुठल्याही टपरीवर मिळतो, आणि नाहीच मिळाला तर रिमोटमधून काढता येतो. रेश्माला ही कल्पना फारच आवडली; क्रिकेट चालू असताना काढायचा म्हणाली. तरीही माझं म्हणणं होतं की उजेडात एवढा फरक आहे, तर प्रत्यक्ष वस्तीत दोन्ही वापरून बघू. बाई लगेच तयार झाल्या.

सोमवारी आम्ही तिघी गेलो. चौथं घर एका बाळंतिणीचं होतं. मुलगी पाच दिवसांची, आदल्याच दिवशी घरी आणलेली. नात झाली म्हणून आजी जालन्याहून आल्या होत्या. खोलीत एक मिणमिणता दिवा. रेश्माने माझा प्रखर टॉर्च काढला आणि डोळ्यांवर येऊ न देता बाळाच्या अंगावर धरला. बाळ गोरंगोमटं, छान दिसलं. दूध थोडं कमी पिते, झोपूनच असते, असं आई म्हणाली. रेश्मा म्हणाली, ठीक वाटतंय. मी वहीत 'कावीळ' या रकान्यात 'नाही' लिहिलं आणि बरोबरची खूण केली.

बाईंनी बाळाला उचललं आणि दाराकडे निघाल्या. आजी आडव्या आल्या. बारसं झाल्याशिवाय लेकरू उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही, असा त्यांच्याकडे नेम होता. त्या रागावल्या नव्हत्या, पण हलतही नव्हत्या. "बाई, तुमच्यापाशी बॅटरी हाय की. तिनंच बघा ना."

"आजी, बॅटरीनं पायरी दिसते," बाई म्हणाल्या. "बाळ दिसत नाही. ते उजेडातच बघावं लागतं."

मला वाटलं आता वाद होणार. पण बाईंनी बाळ आजींच्याच हातात दिलं. तुम्हीच घ्या, तुमच्या पदराखाली घ्या, मी फक्त बघते, म्हणाल्या. आजींनी सुनेकडे पाहिलं, मग बाळाला पदरात गुंडाळलं आणि स्वतःच उंबरा ओलांडला. गल्लीच्या टोकाला नळ आहे, तिथे तेवढं आभाळ उघडं आहे. बाईंनी पदर थोडा बाजूला करून बाळाच्या नाकाचा शेंडा बोटाने हलकेच दाबून सोडला. मग छाती. मग मांडी. प्रत्येक ठिकाणी कातडी क्षणभर पिवळी दिसत होती. मलासुद्धा दिसली, आणि मला यातलं काही कळत नाही.

पुढचं सगळं पटापट झालं. रेश्मा आजींना आणि माय-लेकीला रिक्षात घालून हॉस्पिटलात घेऊन गेली. बाळाला तिथे तीन दिवस दिव्याखाली ठेवलं. डॉक्टर रेश्माला म्हणाले, आणलंत ते बरं केलंत, अजून थांबला असता तर अवघड होतं. चौथ्या दिवशी बाळ घरी आलं आणि त्याचं बारसं वेळेवर झालं. आम्हाला तिघींना बोलावणं होतं. बाईंनी तिथेही चहा अर्धाच घेतला.

त्या सोमवारी केंद्रावर परतल्यावर मी वही काढून 'नाही' खोडायला लागले. इतकं गिरवून खोडत होते की कागद फाटला असता. बाईंनी माझा हात धरला. "खोडू नकोस. एक रेघ मार, बाजूला खरं लिही आणि वेळ टाक. आपलं चुकलं होतं, हेही वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे." मग म्हणाल्या की तुझ्या त्या उजेडात सगळीच बाळं गोरी दिसतील. मी म्हटलं, मंद टॉर्चच्या पिवळ्या उजेडात सगळीच पिवळी दिसतील, म्हणजे तोही कामाचा नाही. "हो ना," बाई म्हणाल्या. "पण त्याच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. बाहेर घेऊन येतील."

आम्ही मंद टॉर्च घेतले. अकरा सेविकांना अकरा, आणि एक जादा.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी भाषण करायला तयार नव्हत्या. शटरची आणि कपाटाची किल्ली कडीतून काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि दुपारच्या वेळेलाच निघून गेल्या. मानखुर्दला मुलीकडे राहायच्या. गुडघ्यांमुळे डोंगर चढणं बंद झालं होतं. महिन्यातून एकदा मी त्यांना फोन करून आकडे सांगत असे. पहिल्याच फोनवर मी अभिमानाने सांगितलं की अकरापैकी दहा टॉर्च चालू आहेत, एक हरवला तो बदलून दिला. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, दिवसाउजेडी पाहिलेली बाळं किती? माझ्याकडे तो रकानाच नव्हता. दुसऱ्या दिवशी मी तो पाडला.

शेवटचा फोन झाला तेव्हा त्यांचा आवाज बराच बारीक झाला होता. फार वेळ बोलता येणार नाही, असं मुलीने आधीच सांगितलं होतं. मी टॉर्चचा आकडा वगळून थेट मुद्द्यावर आले. त्या महिन्यात वस्तीत चौतीस बाळं घरी आली होती. त्यातली एकतीस उजेडात आणून पाहिली होती. इतकी याआधी कधीच झाली नव्हती.

बाईंनी आकडा ऐकून घेतला. मला वाटलं, समाधान वाटलं असेल.

"राहिलेली तीन कुठली?"

नावं समोरच होती. मी वाचून दाखवली. दोन माळ्यावरची होती, तिसरं टाकीच्या मागचं. टाकीमागच्या घरातली सासू ऐकणार नाही, तिला माझं नाव सांग, बाई म्हणाल्या. मग दम घेऊन विचारलं, "किती वाजले?"

"सव्वाअकरा."

"मग ऊन आहे अजून," बाई म्हणाल्या. "फोन ठेव आणि जा."

मी फोन ठेवला आणि रेश्माला हाक मारली.