मास्तरांच्या मरिया

येशूच्या आईची काळजी आमच्या शेजारच्या निवृत्त ड्रॉइंग मास्तरांइतकी जगात दुसऱ्या कुणी वाहिली नसेल. मास्तर घरी गणपती आणणारे, पण मरियेची चित्रं जमवायचा नाद भारी. जुनी कॅलेंडरं, नाताळची कार्डं, रद्दीतली परदेशी पुस्तकं, कुठेही ती दिसली की कात्री चाललीच. एकदा पाली गावच्या सलूनमधलं कॅलेंडर त्यांनी अर्धी दाढी झालेली असताना उठून मागून घेतलं. शेरेही मारायचे. "प्रभावळ झकास काढलीन, पण पोर केवढं दांडगं! मनगट मोडेल हो तिचं." बायबलही वाचलेलं. काना नावाच्या गावातल्या लग्नात द्राक्षारस संपल्याचं मरियेच्या ध्यानात आलं, याचं त्यांना कोण कौतुक! कुठल्याही कार्यात वरण कमी पडलं, की "इथे मरिया हवी होती," म्हणायचे. आचारी बावचळून जायचा.

आमची मुलगी झाली तेव्हा मात्र घरात हसू नव्हतं. बाळंतपणानंतर बायको अगदी मिटून गेली. मुलीला पाजायची, माझ्या आईच्या हातात द्यायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. डॉक्टरांची औषधं चालू होती. "मला आई होताच येत नाही," एवढंच एकदा म्हणाली.

एका दुपारी मास्तर, कुणी बोलावलं नसताना, चित्रांचा गठ्ठा घेऊन आले. ही कुठली वेळ, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते तिच्यासमोर बसून एकेक चित्र मांडू लागले.

"ही बघ गो सूनबाई, सगळं जग हिला देवाची आई म्हणतं. बाळाकडे बघत्येय का? खिडकीबाहेर बघत्येय. ही बसल्या जागी पेंगत्येय. आणि हिचं तोंड बघ, आत्ता रडेल. बायबलात तर यात्रेहून परतताना मुलगा मागे राहिला, नि हिच्या दिवसभर ध्यानातही आलं नाही! म्हणून कुणी हिला आई म्हणायचं सोडलं?"

बायको त्या पेंगणाऱ्या मरियेकडे कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हिचं बाळ म्हातारं दिसतंय." आणि हसली. माझी आई मुलीला घेऊन दारात उभी होती, ती तिथेच डोळे पुसू लागली.

लगेच सगळं बरं झालं नाही. औषधं चाललीच. मास्तरही रोज दुपारी एक चित्र घेऊन येत राहिले, आणि हळूहळू बायको मुलीला मांडीवर घेऊन त्यांच्याशी वाद घालू लागली.

यंदा मास्तर लेकाकडे कोल्हापूरला कायमचे गेले. स्टँडवर बायको त्यांच्या पाया पडली. काहीतरी बोलायचं ठरवून आली होती, पण नुसतीच त्यांच्या पिशवीचे बंद आवळत राहिली.

"असू दे गो," मास्तर म्हणाले, "चित्रांच्या संगतीत जन्म गेला. न बोललेलं कळतं मला."

जेवणानंतर दार लोटून आडवं व्हायची आमच्या घरची जुनी पद्धत मास्तर दुपारी येऊ लागले तेव्हापासून मोडली होती. ती अजून परत सुरू झालेली नाही.