बोरगिल आणि पिवळ्या बियांचं तेल

बोरगिल फेरीबोटीत बसली की तिच्या शेजारची जागा रिकामी राहायची. तोंडावर कोणी काही बोलत नसे. पण तेलाच्या कारखान्यात काम करणाऱ्या बाईच्या केसांत, नखांत, चर्चला घालून जायच्या कोटातसुद्धा उकडलेल्या हेरिंग माशांचा वास मुरलेला असायचा. मी तिच्याच पाळीत होते, त्यामुळे मला तो कधी कळलाच नाही.

कारखाना स्तुरोया बेटाच्या धक्क्याला लागूनच होता. जहाजं हेरिंग आणि वीतभर लांबीचे लोड्डे मासे आणून ओतायची. ते शिजायचे, दाबले जायचे आणि बोरगिलच्या यंत्रातून सोनेरी तेल वेगळं होऊन निघायचं. आई वारली तेव्हा बोरगिल सोळाची होती आणि भाऊ माग्नार अजून शाळेतही जात नव्हता. बाप दर्यावर, आणि घरी असला तरी नसल्यासारखाच. तिने शाळा सोडून कारखाना धरला. पुढे एका सुताराने तिला मागणी घातली, पण म्हणाला, "पोरगा बापाकडे ठेव." तिने पोराला ठेवून घेतलं आणि सुताराला वाटेला लावलं.

माग्नार शिकला, परत आला आणि फ्योर्डमध्ये, डोंगरांमधल्या खोल खाडीत, जाळ्यांचे पिंजरे सोडून त्याने सामन माशांची शेती मांडली. चाऱ्यात आमच्याच कारखान्याचं तेल. बोरगिल सगळ्यांना सांगायची, "आधी त्याला भरवलं, आता त्याच्या माशांना भरवते."

एका शरद ऋतूत दुकानात चाऱ्याच्या बोटीवरचा माणूस बोरगिलला सहज बोलून गेला, "तुमचं तेल आता नावालाच लागतं. माग्नारने वसंतातच बियांच्या तेलाचा चारा सुरू केला. मोहरीसारखी पिवळी फुलं येतात ना, त्यांच्या बियांचं. तुला ठाऊक नाही?"

वसंतापासून दर रविवारी माग्नार तिच्याच टेबलावर जेवत होता.

त्या रविवारी मीही तिथे होते. कोबी घालून शिजवलेलं मटण होतं. तिने त्याला वाढलं आणि मगच विचारलं.

"चारा बदललास म्हणे."

"कोणी सांगितलं?"

"म्हणजे खरं आहे."

माग्नारने काटा खाली ठेवला. "बोरगिल, समुद्रात राहिलंय काय? एका सामनसाठी किती बारके मासे उकडायचे? तूच म्हणायचीस ना, लोड्डे दर साली कमी होत चाललेत."

"म्हणायचे. आजही म्हणते. मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"आणि दुकानात कळल्यावर काय गुदगुल्या झाल्या?"

तो बशीतला बटाटा इकडून तिकडे सरकवत बसला. रागाच्या भरात तिच्या तोंडून निघून गेलं, "शेतातलं तेल खाल्लेला मासा मला डोळे मिटून ओळखता येईल. त्याला चव यायचीच नाही!"

तेवढं वाक्य त्याने जपून ठेवलं.

पुढच्या उन्हाळ्यात सांक्तहान्सच्या सणाला धक्क्यावर होळी पेटवली होती. माग्नारचे शहरातले गिऱ्हाईक आले होते. त्याने दोन बशा मांडल्या आणि ओरडला, "आमची बोरगिल डोळे मिटून सांगणार, कुठला मासा कशावर वाढलाय!" ती नको नको म्हणत होती, पण त्याने हसत हसत स्वतःचाच रुमाल तिच्या डोळ्यांवर बांधला.

तिने दोन्ही मासे खाल्ले. सावकाश चावले. डावीकडे बोट दाखवून म्हणाली, "हा. हा आपल्या तेलावरचा."

तो बियांच्या तेलावरचा होता.

सगळा धक्का हसला. एक गिऱ्हाईक म्हणाला, "हिलाच जाहिरातीत घ्या!" माग्नार तर हसता हसता खोकायला लागला. बोरगिलने रुमाल सोडला, घडी घातली आणि त्याच्या हातात दिली. "चुकले मी. मासा चांगला आहे," म्हणाली आणि घराकडे निघाली. मी मागोमाग धावले. म्हटलं, "जाऊ दे गं, गंमत होती."

"चवीचं काही नाही, रागना," ती म्हणाली. "त्याचं नाक पुसलंय मी या हातांनी. आणि त्याने मला अस्वलासारखं नाचवलं."

त्या हिवाळ्यात कारखाना बंद पडला. एकट्या माग्नारमुळे नव्हे, हे खरं. तेल महागलं होतं, जहाजं अर्धी रिकामी यायची. समुद्राला बरंच वाटलं असेल, मी नाही कुठे म्हणते. माग्नारने आम्हा दोघींना पॅकिंगमध्ये काम देऊ केलं. मी गेले. ती पलीकडच्या बेटावरच्या वृद्धाश्रमात चादरी धुवायला लागली.

नंतर माग्नारने कारखान्याची इमारत विकत घेतली आणि बियांच्या तेलाच्या टाक्या तिथेच बसवल्या. वर मोठ्या अक्षरांत पाटी लावली: बोरगिल भांडार. उद्घाटनाला तिला न्यायला तो फुलं घेऊन दारात आला. त्याने दार वाजवलं, हाका मारल्या.

"आत कोणी नाही," बोरगिल आतून म्हणाली.

तो फुलं पायरीवर ठेवून गेला. तिने ती उचलली नाहीत; वाऱ्यानेच नेली.

दोघं त्यानंतर बोलले नाहीत. माझ्याशी ती हवापाण्याचं बोलायची, लोकर दाखवायची, त्याचं नाव मात्र काढायची नाही. मी काढलं की उठून किटली चढवायची. पॅकिंगमधला माझा पांढरा डगला पाहून एकदा एवढंच म्हणाली, "स्वच्छ काम आहे. बरं आहे."

एका मार्च महिन्यात चादरी वाळत घालताना ती कोसळली, ती उठलीच नाही. चर्चमध्ये माग्नार लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. पाद्री म्हणाले, हिने याला आईच्या मायेने वाढवलं. त्यात काहीच खोटं नव्हतं.

नंतर सभागृहात कॉफी होती. पावाच्या तुकड्यांवर धुरावलेला सामन मांडला होता, माग्नारकडचाच, वर शेपूची हिरवी काडी. तो स्वतः बशी घेऊन एकेकापुढे फिरत होता.

"घे ना, रागना. तिला आवडायचा."

मी चीज घेतलं.