पोळ्यानंतरचा मंगळवार

संघपाल सिकंदराबादजवळच्या हिमायतनगरमधल्या एका ऑफिसात बसून सातशे वर्षांपूर्वीचे इंग्लंडातले खटले वाचतो. जमिनीच्या जुन्या हक्कांच्या वादांसाठी तिकडच्या वकिलांकडून लॅटिन दस्तऐवजांचे फोटो येतात, हा त्यातली नावं आणि तारखा काढून देतो. नांदेडकडच्या घरचा हा माणूस लॅटिन शिकला तो सिकंदराबादच्या एका म्हाताऱ्या पाद्रीबाबांपाशी, आठ वर्षं दर रविवार मोडून. नातेवाईक अजून विचारतात, "ते ठीक, पण नोकरी कशात आहे?"

त्या कागदांत सरळ तारीख नसतेच. ‘संत मार्टिनच्या सणानंतरचा मंगळवार, राजा एडवर्डच्या राज्याचं तेरावं वर्ष’, झालं! त्यात एडवर्ड झाले पाठोपाठ तीन. मग साक्षीदार कोण, ते कधी हयात होते, हे धुंडाळून आधी राजा ठरवायचा आणि मग सणापासून वार मोजत तारीख काढायची. या कामात संघपालचा हात धरणारा ऑफिसात दुसरा नाही.

आणि अशा माणसाच्या आईपाशी तिच्या मेलेल्या लेकीची तारीख नव्हती.

वडील, किशनराव, गेल्यापासून दरवर्षी त्यांच्या दिवशी विहारात त्यांचं नाव घेतात. यंदा आईनं, मनकर्णाबाईंनी, वही सांभाळणाऱ्या उपासकांना सांगितलं, माझ्या विशाखाचंही लिहा. त्यांनी तारीख विचारली. तारीख नाही, म्हणून नाव लिहायचं राहिलं. मनकर्णाबाई घरी आल्या आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या. त्र्याहत्तरी गाठलेली, दोन पायऱ्यांत धाप लागणारी बाई. आपल्यामागं पोरीचं नाव घेणारं कुणी उरणार नाही, हे त्यांना खात होतं.

"माय, आठवंल तेवढं सांग," संघपाल उशाशी बसला.

"पोळ्यानंतरचा पयला बाजार होता. मंगळवार. दुष्काळाचं साल. दीड वर्साची होती."

संघपालनं मोबाइलवर जुनं पंचांग काढलं. पण दुष्काळाचे म्हणावेत असे पोळे दोन, बहात्तरचा आणि त्र्याहत्तरचा. त्र्याहत्तरच्या पोळ्याला पाऊस परतला होता. साक्षीदार तपासावा तसं त्यानं सवयीनं विचारलं, "त्या पोळ्याला पाऊस होता का?"

"पाऊस असता तर माझी लेक गेली असती का रं?"

त्याला स्वतःची लाज वाटली. खाली मान घालून त्यानं वार मोजले, पुन्हा एकदा मोजले.

"बारा सप्टेंबर, माय. एकोणीसशे बहात्तर."

मनकर्णाबाई उठून बसल्या. ती तारीख त्यांनी तीनदा म्हटली, चुकू नये म्हणून सावकाश. संघपालला बरं वाटलं. विहारात आजच फोन करावा म्हणून तो उठणार, तोच त्यांनी त्याचं मनगट धरलं.

"म्हंजे हा दिवस दर साली येत होता, संघपाल. पन्नासावर वर्सं. अन् त्या दिवशी मी जेवत होते, हसत होते. मला ठावंच नाही."