ठसका न लागणारं घर

आमच्या बिल्डिंगमध्ये मी मिरच्या दळल्या की अख्खी बिल्डिंग खोकायची, आणि समोरच्या मामींनी दळल्या की कुणी साधं शिंकतही नसे. हे कसं काय, या एका प्रश्नानं एक उन्हाळाभर माझं डोकं खाल्लं. माझा स्वभावच चौकस. आई म्हणायची, हिला दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय ते आधी कळतं, आणि स्वतःच्या घरातलं करपल्यावर.

मी कोल्हापूरची. नवऱ्याची चेन्नईला बदली झाली आणि आम्ही तांबरमला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो. पाकिटातलं तिखट मला चालत नाही. आमच्याकडची बाई डंखावर, म्हणजे मिरच्या कांडायच्या यंत्रावर, मिरच्या दिल्या म्हणून घरी निघून येत नाही, पदर नाकाला लावून तिथंच उभी राहते, आपल्या मिरच्या आपल्याच डब्यात पडेपर्यंत. इथं डंख कुठला शोधू? मग गावाहून आणलेली संकेश्वरी आणि इथली लांब मिरची गच्चीवर कडकडीत वाळवली, देठं खुडली, जराशी परतली आणि घातली मिक्सरमध्ये.

चूक एवढीच झाली की घुर्र थांबल्या थांबल्या मी झाकण उघडलं, आणि डोक्यावर पंखा फुल्ल. मे महिन्यात चेन्नईत पंखा कोण बंद करतं? अशी तिखटाची खाट उठली म्हणता! स्वयंपाकघराच्या खिडक्या सगळ्या एकाच डक्टमध्ये उघडतात. वरचे खोकले, खालचे खोकले, तळमजल्यावरचं तान्हं बाळ तर रडून रडून लाल झालं. मी खाली जाऊन त्या बाळाच्या आईची माफी मागितली. मनापासून मागितली, कारण मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी दारात. पुन्हा असं झालं तर मीटिंगमध्ये ठराव करून घरी मिरच्या दळणं बंद करू म्हणाले. वर समोरच्या दाराकडे बोट दाखवून म्हणाले, "त्या मामी बघा. दर उन्हाळ्यात दळतात. आम्हाला फक्त मिक्सरचा आवाज येतो."

मामी-मामा तंजावरकडचे मराठी. पिढ्यान् पिढ्या इकडेच, त्यामुळे त्यांची मराठी जुन्या वळणाची आणि तमिळ हेलाची. मामा रेल्वेच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, आता नजर अधू, दिवसभर हॉलमधल्या खुर्चीत. येईल त्याला एकच गोष्ट सांगायचे, "लग्न झाल्यापासून बाहेरचं तिखट माझ्या जिभेला लागलं नाही मा. सगळं हिच्या हातचं."

मी मामींच्या मागेच लागले. आधी म्हणाल्या, "दळताना मिठाचे चार खडे घाल." घातले. खोकलो. मग म्हणाल्या, "एरंडेलाचा एक थेंब." तोही झाला, आम्ही नवराबायको खिडक्या-दारं लावून आत घुसमटलो. तिसऱ्यांदा सांगितलं, "मिक्सरवर ओला पंचा टाक." टाकला. नवरा डोळे पुसत म्हणाला, "अगं, त्या तुला गंडवतायत." मी म्हटलं, इतकी साधी बाई, ती कशाला गंडवेल? पण शंका आलीच. दर वेळी कारण वेगळं कसं? आणि त्यांच्या मिक्सरचा आवाज ऐकून मी बेल वाजवली की दार उघडायला एवढा वेळ का लागतो?

शेवटी हरले. स्टेशनच्या पलीकडे एक मिल आहे, तिथं मिरचीचं यंत्र वेगळं असतं असं कळलं होतं. इथं त्या दिवसांतल्या उन्हाला कत्तिरी म्हणतात, अंग भाजून निघतं. पिशवी घेऊन पोचले तर मिलच्या बाहेर, पार रस्त्याच्या कडेला, नाकातोंडाला पंचा बांधून एक बाई उभी. हातात रिकामा स्टीलचा डबा. मी म्हटलं, अगंबाई, या तर आपल्या मामी!

त्यांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. मला आधी हसूच फुटलं. उन्हाळाभर मला मीठ घाल, एरंडेल घाल! पण त्या खोकायला लागल्या, आणि तो ठसक्याचा खोकला नव्हता. त्यांना समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसवलं, पाणी दिलं. दमा होता. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मिरचीजवळ उभंसुद्धा राहायचं नाही म्हणून बजावलं होतं.

"आणि घरी मिक्सर वाजतो तो?"

"तांदूळ," त्या म्हणाल्या. "वाटीभर तांदूळ घालून फिरवते. ह्यांना आवाज ऐकू आला म्हणजे झालं."

"अहो, पण मामांना सांगायचं ना सरळ!"

"अय्यो, नको मा! ह्यांना कळलं तर तिखटच सोडतील माझ्यासाठी. दहीभातावर राहतील. आता नीट दिसत नाही, फिरणं नाही, एक जीभ तेवढी राहिली आहे." त्यांनी माझा हात घट्ट धरला. "कुणाकडे बोलू नकोस. बिल्डिंगमध्ये एकाला कळलं की ह्यांच्या कानावर जाईलच."

मी शब्द दिला. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे त्यांना माहीत नव्हतं.

पुढच्याच रविवारी खाली पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून मीटिंग भरली. पहिला विषय मी. सेक्रेटरी तमिळमध्ये बोलत होते, मला अर्धंमुर्धं कळत होतं, पण "मामी" हा शब्द दर दोन वाक्यांनी येत होता. घरी मिरच्या दळायला बंदी, फक्त मामींना मुभा, कारण त्यांना दळता येतं! मला, कोल्हापूरच्या बाईला, मिरच्या दळता येत नाहीत! वर मामा पहिल्या रांगेतून काठी आपटून मोठ्यानं म्हणाले, "माझ्या बायकोकडून शिका म्हणावं!" सगळे हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओठांवर आलं होतं. एक वाक्य, की मी सुटले असते. मामी मामांच्या मागे उभ्या होत्या, त्यांच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून, आणि माझ्याकडे बघत होत्या.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "मला नाही जमत." आयुष्यात इतकं कडू वाक्य मी बोलले नव्हते. ठराव पास झाला.

दोन दिवसांनी मामी देवळात गेल्या असताना मामांनी हाक मारली. मी धुसफुसतच गेले. म्हटलं, आता हे परत तेच पुराण लावणार.

"बस मा," ते म्हणाले. "परवा तू गप्प राहिलीस."

"माझी चूक होती मामा, म्हणून."

"मिलला पुढच्या वेळी तिच्याबरोबर जाशील काय? ऑटोनं जा. उन्हात चालत जाते ती."

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी आधी तेच विचारलं. देवाशपथ, मी सांगितलं नव्हतं.

"जन्मभर वर्कशॉपात नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखला. मिक्सरात तांदूळ आहेत का मिरच्या, ते मला कळायचं नाही? आणि ती खरी दळायची तेव्हा इथे बसून मला सात-आठ शिंका यायच्या. चार वर्षं झाली, एक नाही. म्हणजे मिलवरूनच आणते, आणि परवा तू भांडली नाहीस तेव्हा तुलाही ते ठाऊक आहे हे समजलं."

मला राहवेना. दोन दिवसांचा राग उसळून वर आला. "मग मामा, चारचौघांत ती फुशारकी कशाला? सगळ्यांसमोर मला खाली बघायला लावलंत!"

"तुला लागलं ते मला कळलं," ते म्हणाले. त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. "पण मी फुशारकी थांबवली, की तिला वाटेल ह्यांना चव पटेनाशी झाली. आणि मग ती पुन्हा खरीच दळायला घेईल, मा."