न तुटणारी गोळी

पाण्याने भरलेला काचेचा ग्लास उन्हात धरायचा, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "तुटतंय रे, तुटतंय." ही सरांची रोजची सकाळ. पाण्यात काय तुटतंय ते मला कधी दिसलं नाही. त्यांनाही दिसत नसणार, पण म्हणायचे असं, की आपणही ग्लासात डोकावून बघावं.

मी काल्हेरच्या एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये सांडपाण्याच्या प्लांटवर ऑपरेटर आहे. सर तिथेच राहायचे, एकटे. मूळचे भिवंडीतले जुने रहिवासी. सगळी नोकरी औषधांच्या कंपनीत गेली, आणि तीही एका विचित्र खात्यात. गोळ्या उकाड्यात, दमट हवेत ठेवायच्या आणि किती टिकतात ते बघायचं. पाकिटावर शेवटची तारीख छापतात ना, ती यांच्यासारख्यांच्या शब्दावर. फिटच्या आजारावरची एक गोळी कसल्याही हवेत बिघडू नये म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं मेहनत घेतली होती. तिच्याबद्दल बोलताना लेक चांगल्या घरी दिल्यासारखे बोलायचे.

रिटायर झाल्यावर मात्र हीच गोष्ट त्यांना खायला लागली.

"आपण गोळी घेतो, थोडी अंगी लागते. उरलेली संडासातून तुझ्याकडे येते, तुझ्याकडून खाडीत. मी तिला न तुटायला शिकवलं रे. आता तिला तोडणार कोण?"

"आपला प्लांट हाय ना, सर."

"तुझा प्लांट घाण खातो. औषध त्याला सगळं पचत नाही."

म्हणून कमिटीच्या मागे लागून त्यांनी प्लांटमागची रिकामी जागा मागून घेतली. खडी-वाळूचा लांब वाफा केला, आमच्या गावच्या तळ्यातून रामबाण आणून लावला. रामबाण म्हणजे पाण्यातली ती उंच पात, वर तपकिरी कणीस. प्लांटमधून निघालेलं पाणी त्यातून सावकाश जायचं. वरून ऊन, खाली मुळांवरचे जंतू आणि भरपूर वेळ, एवढं मिळालं की बरीच औषधं तुटतात, असं ते सांगायचे. नाव ऐकून सोसायटीतल्या आज्या गुडघ्यांना लावायला पानं तोडून न्यायला लागल्या. सर मागे धावायचे, "अहो आजी, हे माणसांचं औषध नाही, पाण्याचं आहे!"

पायजमा वर खोचून ते रोज त्या वाफ्यात उतरायचे, वाळली पात कापायचे, तुंबलेली वाट मोकळी करायचे. तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हालाही हसू आलं असतं, आणि मग जरा हेवाही वाटला असता.

पण गाड्या वाढल्या. चेअरमन म्हणाले, पाणी तपासून दाखवा. फायदा दिसला तर वाफा राहील, नाहीतर तिथे पार्किंग. सरांनी ओळखीच्या लॅबमध्ये वाफ्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं पाणी तपासून घेतलं.

रविवारी क्लबहाउसमध्ये मीटिंग भरली. सर उभे राहिले. तापाची गोळी जवळजवळ नाहीशी झाली, म्हणाले. अंगदुखीचीही पुष्कळ कमी झाली. लोक माना डोलवायला लागले. तिथेच थांबायचं की नाही! पण अर्धं सांगणं या माणसाच्या स्वभावातच नव्हतं.

"एक मात्र तुटली नाही," ते म्हणाले. "फिटची गोळी. जेवढी आत गेली, तेवढीच बाहेर आली."

आता तुम्हीच सांगा, यावर कुणी काय विचारावं? का तुटली नाही, हेच ना? पण मागून एक बाई शेजारणीला म्हणाल्या, "म्हणजे आपल्यात फिट कुणाला येते?" झालं. वाफा राहिला बाजूला, माना इकडेतिकडे वळायला लागल्या. मधल्या रांगेत एक आई आपल्या मुलीला घेऊन बसली होती. मुलीचं लग्न नुकतंच ठरलेलं. आईने मुलीचा हात धरला आणि ती उठून दाराकडे निघाली. सगळ्यांचे डोळे त्या दोघींच्या पाठीवर.

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी घसा खाकरला आणि मोठ्याने म्हणाले, "कुणाला शोधताय? ती गोळी माझी आहे."

सगळ्या माना सरांकडे वळल्या. दारातली आई थबकली.

"सर, मग तुम्ही त्या टाक्यांपाशी जायचं नाही," चेअरमन म्हणाले. "कभी चक्कर आ गया तो? जबाबदारी आमच्यावर येणार." आणि मला तिथल्या तिथे ऑर्डर, यांना प्लांटच्या गेटच्या आत सोडायचं नाही.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "सर, तुम्हाला कवापासून फिट येते? मला तर कधी दिसली न्हाय."

"फिट येते असं मी कुठे म्हटलं? गोळी माझी, एवढंच म्हटलं. माझीच आहे की ती." हसले, पण डोळे भरून आले होते.

मग ते प्लांटच्या कंपाउंडबाहेर उभे राहून मला सांगायचे, इथली पात काप, तिथली वाट मोकळी कर. ड्युटी सांभाळून जमेल तेवढं मी केलं. ते पुरलं नाही. पात माजली, पाणी तुंबलं, डास झाले, तक्रारी झाल्या. लिफ्टमध्ये सरांसोबत एकटं जायला लोक कचरायला लागले. गोळी कुणाची ते कळल्यावर सगळ्यांचं समाधान झालं होतं. ती तशीच खाडीत जातेय याचं कुणाला काही नव्हतं. याचा मला अजून राग येतो.

एके सकाळी जेसीबी आला. सर त्या दिवशी खाली उतरले नाहीत. पुढे थोड्याच महिन्यांत गेले, झोपेतच.

त्या मुलीचं लग्न थाटात झालं. पाहुण्यांच्या गाड्या प्लांटमागेच लागल्या. दुसऱ्या दिवशी तिची आई लाडवांचा डबा घेऊन माझ्याकडे आली.

"दादा, सरांचा वाफा नक्की कुठे होता हो?"

मी हाताने दाखवलं. ती दोन गाड्यांच्या मधून आत शिरली, डबा काँक्रीटवर ठेवला आणि हात जोडून उभी राहिली. मागून हॉर्न वाजला. कुणाला तरी गाडी काढायची होती. तिने डबा उचलला आणि बाजूला झाली.