बोकडाची नळी निळी

संगमनेरच्या मटणबाजारात माझ्याइतके कपुरे उचलणारा माणूस झाला नाही. कपुरे म्हणजे बोकडाचे वृषण. ताकद येते म्हणून लोक ते तळून खातात, त्यासाठी खाटकाकडे वशिला लावतात. मी मात्र एवढे नेले की पार सिन्नरपर्यंतचे बोकड मला बघितल्यावर मागचे पाय जुळवून उभे राहायचे. कापल्याबरोबर कपुरे बर्फाच्या डब्यात, डबा मांडीवर आणि मी थेट कॉलेजच्या प्रयोगशाळेत. तिथे त्यांतले शुक्रजंतू वेगळे काढायचे, हेच माझं संशोधन.

पेशीच्या आत एटीपी हे इंधन. पेशीबाहेर सांडलं की तेच निरोप बनतं. शुक्रजंतूच्या अंगावर, अगदी कातडीवर म्हणा, विकरं म्हणजे एन्झाइम बसलेली असतात. ती बाहेरच्या एटीपीचे फॉस्फेट एकेक करून छाटतात. शेवटी उरतं अडेनोसीन, ते पोहणाऱ्याला म्हणतं, हल की लेका. छाटलेलं फॉस्फेट मोजायला नळीत एक द्रावण घालतात. फॉस्फेट भेटलं की ते निळं होतं; छाटणी जोरात तर निळा रंग गडद. बोकडाची नळी अशी निळी व्हायची की गावभरची धोतरं बुडवून घ्यावीत.

तुलनेला माणसाचा नमुना हवा होता. लाजायचं कशाला, मी माझाच दिला. नळी पाण्यासारखी राहिली. द्रावण बदललं, तरी तीच. नळीवरून काही ठरत नाही म्हणून मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तर सगळे ग्रामसभेला धरून आणून बसवल्यासारखे जागच्या जागी. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं. मूल होत नव्हतं ते माझ्यामुळे.

बायको भाकऱ्या थापत होती. ऐकूनही थापतच राहिली. मग माझ्या आईचं नाव काढून म्हणाली, "आत्याबाईंना सांगा. तुमच्या तोंडून."

कारण खाटकानं बोभाटा केला होता की सर डबा भरभरून नेतात. गावानं निकाल लावला: एवढं खाऊन पाळणा हलत नाही, म्हणजे खोट बाईतच. आईनं तर पाथर्डीकडच्या एका पाहुण्याला माझ्यासाठी दुसरी मुलगी बघायला सांगितलं होतं.

मी आईला सांगितलं. ती हसली. "बायकूला पाठीशी घालतूस व्हय? एवढं कपुरं खाऊन?"

"आई, मी एकही खाल्लेला नाही."

"मंग काय, पुजलंस?"

शेवटी तिला प्रयोगशाळेत नेलं. आधी बोकडाचे दाखवले. "आगं बया! जत्राच हाय की." मग माझे. ती बराच वेळ वाकून राहिली.

"ह्ये कुनाचं?"

"माझं."

तिनं पदरानं डोळा पुसून पुन्हा पाहिलं. मग हळूच म्हणाली, "दार लाव. ह्ये भायेर बोलायचं न्हाई. बाईला बोल लागला तर खपतं. गड्याला लागला तर भावकीत मान वर करता येत न्हाई."

पुढं चुलत बहिणीच्या डोहाळजेवणाला भावकी जमली. ओटी भरायला बायको पुढं झाली, तर एका चुलतीनं तिचा हात धरून बाजूला केलं. तेवढ्यात आईनं पाथर्डीच्या पाहुण्याला सगळ्यांदेखत सांगितलं, "आता पोरगी बघू नगा. सुनेत खोट हाय, पर आमी टाकनारी मान्सं न्हाई." बायका कौतुकानं माना डोलवू लागल्या.

मी पंगतीतून उठून ओरडलो, "खोट माझ्यात आहे!"

पंगत अशी हसली की वाढप्याच्या हातातलं वरण हिंदकळलं. चुलते म्हणाले, "झालं, सरांचं सुरू झालं! बसा, जिलेबी येतीय. बायकूवर लई जीव हाय तुमचा, कळलं आमाला."

बायको आईसमोर जाऊन उभी राहिली. "आत्याबाई, तुम्ही डोळ्यानं बघितलंय. सांगा."

"काय बघितलं? बोकड बघितला म्या," आई म्हणाली, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसली.

बायको तशीच निघून स्टँडवर गेली. तिचं माहेर जामखेडपलीकडं, खर्ड्याला. नगरपर्यंत मी तिच्या शेजारी बसून गेलो. तिथे जामखेडची गाडी लागली होती. ती चढली. मी पायरीवर पाय ठेवला, तर म्हणाली, "तुम्ही नका येऊ. तिकडंही तुम्ही खरं सांगाल, आणि तिकडंही हसतील."